मारुती ८०० जमिनीला टेकवण्याचे शास्त्र

मारुती ८०० ही मुळातच उंच गाडी नाही. जमिनीपासून टपापर्यंत ती सुमारे १४० सेंटीमीटर भरते; बेताच्या उंचीच्या माणसालाही टपावरची धूळ टाचा न उचलता पुसता येते. तरीही ही गाडी आणखी खाली यायला हवी, असे मनापासून मानणारा एक वर्ग महाराष्ट्रात अनेक वर्षे टिकून आहे. गाडीचा तळ आणि रस्ता यांच्यामध्ये कंपनीने सोडलेली साधारण १७ सेंटीमीटरची जागा ही निव्वळ उधळपट्टी आहे, असे या वर्गाचे मत आहे. ती जागा वसूल करण्याच्या उद्योगाला ‘गाडी लो करणे’ म्हणतात. लो झालेल्या गाडीचा पत्राही मग जसाच्या तसा राहत नाही, म्हणून पुढची कामे ओघानेच येतात.

कंपनीने ती जागा हौसेने सोडलेली नव्हती. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते हरपाल सिंग यांना पहिल्या गाडीची किल्ली मिळाली. आराखडा जपानी होता, खड्डे स्वदेशी होते, आणि त्या दोघांची गाठ पडू नये एवढीच त्या मोकळ्या जागेची कामगिरी होती. १९८६ साली गाडीची अंगकाठी बदलली, पुढे दिवे आणि बंपर बदलत गेले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आणि १२ इंची चाके मात्र कायम राहिली. जानेवारी २०१४ मध्ये उत्पादन थांबले तोवर अशा २५ लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या होत्या.

सगळ्या भानगडीचे मूळ या आकड्यात आहे. ज्याची गाडी गावात एकुलती एक असते त्याला ती बदलावी लागत नाही. ज्याच्या सोसायटीच्या आवारात तशाच सहा पांढऱ्या मारुती उभ्या असतात, त्याला आपली ओळखू येण्यासाठी काहीतरी करणे भाग पडते. त्यात ही गाडी बहुधा वडिलांकडून मुलाकडे आलेली असते. वडिलांनी तिला वीस वर्षे जपलेले असते, म्हणजे सीटवरचे प्लास्टिकसुद्धा काढलेले नसते. मुलगा पहिल्या दिवशी प्लास्टिक काढतो, दुसऱ्या दिवशी मागच्या काचेजवळची उशी आणि तिसऱ्या दिवशी कंपनीचे बिल्ले. डॅशबोर्डवरचा गणपती मात्र कोणी हलवत नाही. पुढे गाडीवर जे प्रसंग येणार असतात ते पाहता हा निर्णय शहाणपणाचाच ठरतो.

गाडी लो करण्याच्या कलेचे माहेर कॅलिफोर्निया. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी जुन्या शेवरले गाड्यांच्या डिकीत वाळूची पोती टाकून, स्प्रिंगा कापून गाड्या खाली आणल्या. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सरकारने कायदा केला, की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. त्यावर रॉन अगिरे या तरुणाने विमानांच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप आपल्या कॉर्व्हेटला बसवले. पोलीस दिसला की बटण दाबायचे, गाडी वर उचलली जायची आणि कायद्यात बसायची. पोलीस गेला की पुन्हा खाली. स्वस्त गाड्यांमध्ये खाली आणले जाण्याचा मान फोक्सवॅगन बीटलला मिळाला. आपल्याकडे कॅलिफोर्नियातले पंप आले नाहीत. वाळूच्या पोत्यांचे काम मात्र लग्नसराईत मागच्या सीटवर बसणारे नातेवाईक विनामोबदला करतात.

गाडी लो का दिसायला हवी, याचे उत्तर चाकाच्या वरच्या मोकळ्या जागेत आहे. मारुती ८०० चे चाक लहान आणि त्यावरची कमान मोठी. पोटरीपर्यंत चढलेल्या पँटीसारखी ती उंच कमान गाडीचा सगळा रुबाब घालवते, असे जाणकार सांगतात. हे अंतर बोटांत मोजतात. चार बोटे म्हणजे गाडी वडिलांची आहे, दोन बोटे म्हणजे काम झाले आहे, एक बोट म्हणजे काम चांगले झाले आहे. बोट जातच नसेल तर मालकाला थांबवायला घरात कोणी मोठे माणूस नाही, असे समजावे.

लो करण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग असा, की मूळ स्प्रिंगा काढून मुद्दाम बनवलेल्या आखूड व कडक स्प्रिंगा बसवायच्या आणि त्यांना जुळणारे शॉकअप घालायचे. या मार्गाचा खर्च पुष्कळदा गाडीच्या बाजारभावाशी स्पर्धा करतो. म्हणून प्रत्यक्षात ग्राइंडरला कटिंग व्हील लावतात आणि मूळ स्प्रिंगचे एक-दीड वेटोळे कापून टाकतात. या कृतीमागे नकळत खरे विज्ञान आहे. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेटोळ्यांतली दीड कापली तर उरलेली साडेचार वेटोळी पूर्वीपेक्षा एक-तृतीयांश अधिक कडक होतात. गाडी खालीही येते आणि ताठही होते. एकाच पैशात दोन कामे झाल्याचे समाधान मालकाच्या चेहऱ्यावर पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकते.

काही ठिकाणी ग्राइंडरऐवजी गॅसचा टॉर्च वापरतात. त्याने स्प्रिंग तापवली की ती लाल होऊन खाली बसते, आणि पोलादाला कारखान्यात दिलेले पाणी उतरते. अशी स्प्रिंग नंतर दर आठवड्याला थोडी थोडी खचत राहते, म्हणजे गाडी आपोआप अधिकाधिक लो होत जाते. या जादा सेवेचे गॅरेजवाला वेगळे पैसे लावत नाही.

कापलेल्या स्प्रिंगचा खरा स्वभाव गाडी जॅकवर चढवली की कळतो. चाक लोंबकळले की आखूड झालेली स्प्रिंग आपली बैठक सोडते आणि खळखळू लागते. रस्त्यावर तिची हालचाल लवकर संपते आणि शॉकअपमधला रबरी ठोकळा काम हाती घेतो. मूळ गाडीत हा ठोकळा मोठ्या खड्ड्यातच कामाला येई. लो गाडीत तो रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्याचीही दखल घेतो. मणक्याचे डॉक्टर या विषयावर अधिक अधिकाराने बोलू शकतील.

लो गाडी वळणावर चांगली चालते, हा दावा सर्वत्र ऐकू येतो. गुरुत्वमध्य खाली आला की गाडी कमी कलंडते, इथपर्यंत तो बरोबर आहे. परंतु मारुतीच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट पद्धतीचे सस्पेन्शन आहे. त्यात गाडी फार खाली आणली की खालचे आर्म वरच्या बाजूला झुकतात, आणि गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही वेगाने खाली उतरतो. दोघांमधले अंतर वाढते, आणि एवढा खर्च करून गाडी वळणावर जास्त झुकण्याची सोय होते. ती झुकत नाही याचे सारे श्रेय कडक झालेल्या स्प्रिंगांना जाते. शिवाय चाके वरच्या बाजूने आत कलतात आणि टायर आतल्या कडेने झिजतो. बाहेरून पाहणाऱ्याला नवाकोरा टायर दिसतो. आतल्या बाजूच्या तारा फक्त पंक्चर काढणाऱ्याला दिसतात, आणि तो त्याबद्दल काहीतरी बोलतो.

यानंतर गतिरोधकाचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. इंडियन रोड्स काँग्रेस ही १९३४ साली स्थापन झालेली रस्तेबांधणीची संस्था आहे. तिच्या नावावरून कोणी मतदानाचा विचार करू नये. तिच्या मानकाप्रमाणे गतिरोधक हा १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असावा, गाडीच्या जाण्याच्या दिशेने तो ३.७ मीटर पसरट असावा आणि मध्यभागी त्याची उंची १० सेंटीमीटर असावी. मारुतीच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण २१७ सेंटीमीटर अंतर आहे. गाडी अशा गतिरोधकाच्या बरोबर मध्यावर आली, तर चारही चाके उतारावर चढलेली असतात आणि दोन्ही चाकांमधून गतिरोधकाचा माथा जेमतेम साडेतीन सेंटीमीटर वर येतो. म्हणजे तळ १० सेंटीमीटरवर आणलेली लो मारुतीसुद्धा मानक गतिरोधकावरून आरामात जाते. गणित चोख आहे.

अडचण एवढीच, की असा गतिरोधक शोधावा लागतो. प्रत्यक्षातला गतिरोधक ग्रामस्थांनी बांधलेला असतो. शाळेसमोर एक, मंदिरासमोर एक, सरपंचांच्या घरासमोर दोन. त्याची रुंदी हातभर, उंची वीतभर आणि आकार कंत्राटदाराकडे उरलेल्या डांबरावर अवलंबून. तो गाडीच्या दोन चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो. त्याची सगळी उंची थेट तळाला भिडते. इथे लो गाडीला तीन पर्याय असतात. पहिला, गाडी तिरकी घालून एकेक चाक चढवायचे. यात मागून येणाऱ्या एसटीचा चालक मालकाच्या घराण्याविषयी चौकशी करतो. दुसरा, प्रवाशांना उतरवायचे. साडेसहाशे किलोंच्या गाडीतून चार माणसे उतरली की ती दोन-तीन सेंटीमीटर वर येते. आजी, काकू आणि दोन मुले गतिरोधक पायी ओलांडून पलीकडे उभी राहतात, गाडी रिकामी येते, सगळे पुन्हा बसतात. अहिल्यानगर-छत्रपती संभाजीनगर या जुन्या रस्त्यासारख्या लांबलचक वाटेवर अशा पदयात्रेने प्रवाशांची तब्येत सुधारत असणार. तिसरा पर्याय, काहीच न करता पुढे जायचे. तेव्हा ‘खर्र’ असा आवाज येतो आणि गाडीतले सगळे एकाच वेळी गप्प होतात.

त्या आवाजानंतर तपासायची वस्तू म्हणजे चेंबर, म्हणजेच इंजिनखालचे तेलाचे भांडे. ते पत्र्याचे असते आणि लो गाडीत रस्त्याच्या सर्वांत जवळ राहणाऱ्यांपैकी एक असते. त्याला चीर गेली की तेल ठिबकू लागते. मीटरमध्ये तेलाचा लाल दिवा लागलेला पाहून जो गाडी तिथेच बंद करतो त्याचा खर्च थोडक्यात आटोपतो. ‘पुढच्या गावात बघू’ म्हणणाऱ्याला पुढच्या गावात इंजिनच बघावे लागते.

आता चाके. १२ इंची लोखंडी चाकांच्या जागी १३ इंची अलॉय बसवणे ही पुढची पायरी. मूळ १४५/७० आर १२ टायरचा व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर. नव्या १६५/६० आर १३ चा ५२८. व्यास २० मिलिमीटरने वाढला म्हणजे गाडी १० मिलिमीटर, अर्थात एक सेंटीमीटर, वर आली. स्प्रिंग कापून जे खाली आणले त्यातले एक सेंटीमीटर टायरने परत केले. हा हिशेब गॅरेजमध्ये सहसा कोणी मांडत नाही. याच फरकामुळे स्पीडोमीटर चार टक्के कमी दाखवतो. काटा ६० वर असताना गाडी ६२ च्या पुढे असते, ही बाब मालक अभिमानाने सांगतो, पण हवालदाराला नाही.

रुंद टायर कमानीच्या कडेला घासतो. त्यावर उपाय म्हणजे कमानीच्या आतली पत्र्याची दुमड वर वळवणे. परदेशात यासाठी वेगळे अवजार मिळते. इथे लोखंडी पाइप टायर आणि पत्र्याच्या फटीत घालतात, एक जण गाडी हळूहळू ढकलतो आणि दुसरा ‘बस, बस’ म्हणतो. दुसऱ्याने ‘बस’ म्हणायला उशीर केला की रंगाला तडे जातात आणि डेंटिंग-पेंटिंगचे प्रकरण सुरू होते. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, ही या पुढच्या प्रवासातली तीर्थक्षेत्रे आहेत.

पत्र्याच्या कामात आधी काढणे असते, मग लावणे. बिल्ले, बाजूच्या पट्ट्या, वायपरचे पाते, अँटेना हे सगळे काढून भोके लांबीने बुजवतात. पुढच्या टप्प्यावर दारांचे हँडलही काढतात, म्हणजे गाडीची बाजू साबणाच्या वडीइतकी गुळगुळीत दिसते आणि दार रिमोटने उघडते. रिमोटला वीज लागते, वीज बॅटरीत असते, बॅटरी बॉनेटखाली असते आणि बॉनेट उघडण्याची कळ गाडीच्या आत असते. पावसाळ्यात बॅटरी बसली की गुळगुळीत गाडीचा मालक डिकीतून आत शिरतो, असे दृश्य आवारातल्या मुलांना विनामूल्य पाहायला मिळते.

लावण्याच्या वस्तूंमध्ये फायबरचे बंपर, बाजूचे स्कर्ट आणि स्पॉइलर प्रमुख. फायबर हलका, स्वस्त आणि साच्यात हवा तसा ओतता येणारा. पत्रा वाकतो, फायबर मात्र सरळ तुटतो. फुटपाथच्या कडेला टेकला की त्याचा तुकडा तिथेच राहतो. बॉनेटवर हवेचे तोंड बसवतात. त्याखाली बॉनेटला भोक नसते, त्यामुळे हवा येते, पाहते आणि परत जाते. स्पॉइलरची गोष्ट थोडी खोल आहे. गाडीला रस्त्यावर दाबणारे त्याचे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १२० किलोमीटरला जेवढे बल मिळते त्याचा सोळावा हिस्सा ताशी ३० ला मिळतो, आणि पुण्याच्या लक्ष्मी रोडवर ताशी ३० हाही दुर्मिळ योग आहे. त्यात मारुती पुढच्या चाकांनी चालते. मागचा स्पॉइलर ज्या चाकांना दाबतो त्यांना इंजिनकडून काहीच मिळत नसते. तरी वाळत घातलेल्या रुमालासाठी ती जागा चांगली आहे.

सर्वांत धाडसी काम म्हणजे टप कापणे. लोक त्याला ‘ओपन मारुती’ म्हणतात. जुन्या जीपचा टप काढला तर काही बिघडत नाही, कारण तिचे सगळे वजन खालच्या चासीवर असते. मारुतीला वेगळी चासी नाही. तळ, खांब आणि टप मिळून एकच पेटी होते आणि ती पेटीच गाडीला सरळ ठेवते. टप गेला की पेटीचे झाकण गेले. गाडी मध्यभागी किंचित खचते, दारांच्या फटी वरून मिटतात आणि खालून उघडतात. अशा गाडीत चार माणसे बसली की दार उघडत नाही. ती उतरल्याशिवाय दार उघडणार नाही आणि दार उघडल्याशिवाय ती उतरणार नाहीत. म्हणून ओपन गाडीतले लोक दारावरून उडी मारून उतरतात. ते रुबाबासाठी तसे करतात, हा समज चुकीचा आहे. यात हसण्यासारखे जेवढे आहे तेवढेच गंभीरही आहे: अपघातात हीच पेटी माणसांना वाचवते, आणि कापलेली पेटी वाचवत नाही. तळाला जाड नळ्यांची चौकट न जोडता टप कापणाऱ्या गॅरेजचा पत्ता कोणालाही देऊ नये.

सायलेन्सर, रंग आणि नंबरप्लेट यांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. पत्र्याचा मोठा डबा मागे लावला की चाळीस अश्वशक्तीच्या आतबाहेरचे इंजिन चारशेचे असल्यासारखे ओरडते. गाडी मात्र चाळीसच्याच हिशेबाने पुढे सरकते, त्यामुळे ती येत असल्याची वर्दी तिच्या बरीच आधी पोहोचते. मॅट काळा रंग उन्हाळ्यात विदर्भात लावू नये. इंग्रजी आकड्यांतला ४१४१ वळणदार लिहून ‘दादा’ करण्याची प्रथा सर्वज्ञात आहे; वाहतूक पोलिसांनाही तो मजकूर वाचता येतो.

कायद्याचे म्हणणे सरळ आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून बदलेल असा फेरफार वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दंडाची रक्कम ठरली: बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘दर बदलामागे’ या दोन शब्दांनी रस्त्यावर बीजगणिताला चालना दिली आहे. चार अलॉय हा एक बदल की चार? कापलेला टप हा बदल आहे की गैरहजेरी? पावती फाडणाऱ्याचे आणि भरणाऱ्याचे यावर एकमत झाल्याचे आढळत नाही.

या सगळ्यात एक ठरलेला योग येतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. नंतर दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत नेऊन तपासून घ्यावी लागते. २०१४ मध्ये बाहेर पडलेल्या शेवटच्या मारुतीही २०२९ पर्यंत या वळणावर येतील, बाकीच्या कधीच आल्या आहेत. तपासणीच्या आदल्या आठवड्यात माळ्यावरून जुने बंपर, मूळ सायलेन्सर, १२ इंची चाके आणि हँडल खाली उतरतात, आणि गाडी एका दिवसासाठी पुन्हा वडिलांची होते. यासाठी काढलेला एकही भाग भंगारात घालू नये. स्प्रिंगा तर मुळीच नाहीत. कापलेली स्प्रिंग पुन्हा जोडता येत नाही. कटर चालू करण्यापूर्वी जुन्या बाजारातून दुसरा संच आणावा, तोच कापावा, आणि कंपनीच्या चारही स्प्रिंगा ग्रीस लावून गोणपाटात बांधून ठेवाव्यात.